आगोट ऑक्टोबरात

गेल्या महिन्यात टेक्सासहून एका मराठी माणसाचा फोन आला. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला. त्याच्या बायकोला इथे मिशिगनमध्ये आमच्या गावच्या विद्यापीठात नोकरी मिळतेय, गावाबाहेर पाच एकरांतलं एक घर दोघांनी हेरून ठेवलंय, किंमत त्यांच्याकडच्या मानाने चिल्लर. 'तुमच्याकडे बर्फ किती पडतो हो?' हा त्याचा पहिला प्रश्न.

चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरलो होतो. उत्तर द्यायला काहीच लागत नाही. आमच्या किविनॉ द्वीपकल्पावर वर्षाला दोनशे इंचांच्या वर बर्फ पडतो. उत्तरेकडे जाताना हमरस्त्याच्या कडेला थर्मामीटरसारखी एक उंच पाटी उभी आहे. तिच्या टोकाशी १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम लिहिलाय, ३९०.४ इंच. म्हणजे साडेबत्तीस फूट. सगळे पाहुणे तिथे उतरून फोटो काढतात. पण हा आकडा पडलेल्या बर्फाची बेरीज आहे, साचलेल्याची उंची नव्हे. बर्फ दबतो, बसतो, थोडा वितळतो. आणि घर घेताना हा आकडा माझ्या काडीच्याही उपयोगी पडला नाही. जे विचारायला हवं होतं ते मला सुचलंच नव्हतं. त्या माणसाला तासभर जे सांगितलं, तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

आम्ही अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या वरच्या तुकड्यात राहतो, अप्पर पेनिन्सुला. इथले लोक त्याला 'यू.पी.' म्हणतात, त्यामुळे सावंतवाडीत निम्म्या नातेवाइकांना आम्ही लखनौच्या आसपास कुठेतरी आहोत असं वाटतं. लेक सुपीरियर या प्रचंड तळ्यात बोटासारखा घुसलेला जमिनीचा तुकडा म्हणजे किविनॉ. होटन आणि हॅनकॉक ही कालव्याच्या दोन तीरांवरची जुळी गावं, मध्ये वर उचलला जाणारा पूल. शिकागो सात तासांवर. डेट्रॉइट याच राज्यात, पण नऊ तासांवर. जवळचं मोठं शहर शंभर मैलांवर आणि त्याचं नाव मार्केट. 'उद्या मार्केटला जातोय' असं मी फोनवर म्हटलं की आई अजूनही म्हणते, कोथिंबीर मिळते का बघ.

बायकोला विद्यापीठात नोकरी लागली, माझं काम घरून. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. २०२१ च्या जुलैमध्ये आम्ही तीन दिवस येऊन घरं पाहिली आणि ऑगस्टअखेर राहायला आलो. ही पहिली चूक. जुलैतलं किविनॉ बघून कोणीही फसेल. रात्री साडेनऊला लख्ख उजेड, रस्त्याकडेला थिंबलबेरीची झुडपं, निळंशार तळं. बर्फाच्या प्रदेशात घर उन्हाळ्यात बघणं म्हणजे कोकणातलं घर मे महिन्यात बघून 'गळत नाही' अशी खात्री करून घेणं. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, पहिला हिवाळा गावात भाड्याने काढा. ऐकत कोणी नाही. आम्हीही ऐकलं नव्हतं.

तरी एका बाबतीत नशीब बलवत्तर होतं. आम्हाला सगळ्यात आवडलेलं घर दुसरंच होतं, जंगलात, ओढ्याकाठी. त्या रस्त्याच्या तोंडावर एक छोटी पाटी होती, 'सीझनल रोड'. मला वाटलं, पर्यटकांसाठी काहीतरी असेल. आमच्याआधी दुसऱ्या कुणी ते घर घेतलं म्हणून आम्ही वाचलो. सीझनल रोड म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल त्या रस्त्यावरचा बर्फ काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, काढत नाही. सहा महिने तुमच्या घरापर्यंत स्नोमोबाइलने जायचं, नाहीतर स्वतःचं यंत्र घेऊन मैलभर रस्ता मोकळा करायचा. शाळेची बस येत नाही, वेळ आली तर अ‍ॅम्ब्युलन्सही दारापर्यंत येत नाही. घराच्या जाहिरातीत हे ठळक अक्षरांत नसतं. रस्ता कोण साफ करतं, हा प्रश्न किती बर्फ पडतो याच्या कितीतरी आधी विचारायचा.

दुसरी गोष्ट कराची. विक्रेत्याच्या कराची पावती बघून आम्ही महिन्याचा हिशेब मांडला होता. मिशिगनमध्ये घर एकाच मालकाकडे असेपर्यंत त्याचं करपात्र मूल्य दरवर्षी महागाईच्या दराने, पण जास्तीत जास्त पाच टक्क्यांनी वाढतं. मालक बदलला की पुढच्या वर्षी ते झाकण उडतं आणि मूल्य एकदम बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊन बसतं. आमच्या आधीच्या आजीबाई त्या घरात तीस वर्षं राहिल्या होत्या. आमचा कर जवळजवळ दुप्पट झाला. स्वतः राहायचं घर असेल तर शाळेच्या करात सवलत मिळते, तिचा अर्ज मात्र आपणच करायचा असतो. तो आम्ही वेळेत केला, तेवढीच अक्कल.

इंटरनेटचं एका वाक्यात सांगतो: कंपनीच्या नकाशावर विश्वास न ठेवता शेजाऱ्याचं दार वाजवून त्याच्याकडे काय चालतं ते विचारा. मी विचारलं नाही, 'तुमच्या पत्त्यावर सेवा उपलब्ध आहे' हा निरोप खरा मानला, आणि पहिले सात आठवडे गावातल्या वाचनालयाच्या वाहनतळात गाडीत बसून नोकरी केली. शेवटी छपरावर उपग्रहाची तबकडी आली.

आता मूळ विषय. सप्टेंबरच्या शेवटी शेजारचे आजोबा आले. आमच्या रस्त्यावर चार घरं, त्यातलं शेवटचं त्यांचं. वय ऐंशीच्या आसपास, आजे-पणजे फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. माणूस बोलतो कमी. त्यांनी घराला एक फेरी मारली आणि विचारलं, "लाकूड कुठाय?" मी म्हटलं, मागवणार आहे. "खुंट्या?" कसल्या खुंट्या? "प्रोपेन कोण भरतं?" घर तापवायचा हा गॅस जुनीच कंपनी भरत असेल. ते नुसतं "हं" म्हणाले आणि गेले. त्यांचं ते 'हं' ऐकल्यावर मला आमचे आजोबा आठवले. मे महिन्यात मुंबईकर पाहुण्यांनी 'पाऊस कधी सुरू होतो इथे?' असं विचारलं की ते अगदी असेच हुंकारायचे.

मग डोक्यात उजेड पडला. ही आगोट आहे. आपल्याकडे मृगाआधी शाकारणी होते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुकी मासळी, पापड, कुळीथ, मीठ भरून ठेवतात, घराला झडीची झापं बांधतात. इथे तेच करायचं, फक्त ऑक्टोबरात. आणि बर्फ पडण्याचं कारणही ओळखीचं निघालं. वायव्येकडून कोरडं गार वारं येतं, तळ्यावरून जाताना वाफ पितं, द्वीपकल्पाच्या डोंगरकण्यावर चढताना ती ओतून टाकतं. आंबोलीला पाऊस का कोसळतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला 'लेक इफेक्ट' वेगळा शिकवावा लागत नाही. तळं क्वचितच पुरतं गोठतं, म्हणून कारखाना चालूच राहतो. त्याच तळ्यामुळे आतल्या मिनेसोटासारखी हाडं फोडणारी थंडी मात्र इथे सहसा पडत नाही. ही अदलाबदल मला मान्य आहे.

तर खुंट्या. रस्त्यापासून घरापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना माणसाहून उंच काठ्या ठोकायच्या, टोकाला चकाकती पट्टी. जमीन गोठायच्या आत. डिसेंबरात वाट, हिरवळ, फुलांचा वाफा आणि सेप्टिक टाकीचं झाकण हे सगळं एकाच पांढऱ्या चादरीखाली जातं, आणि बर्फ ढकलणाऱ्या ट्रकवाल्याला या काठ्याच काय त्या दिसतात. हा ट्रकवालाही ऑगस्टातच ठरवावा लागतो. ऑक्टोबरात फोन केला तर सगळ्यांच्या याद्या भरलेल्या. मला चौथ्या माणसाने होकार दिला, तोही आजोबांचं नाव सांगितल्यावर.

लाकडात मी साफ फसलो. एक 'कॉर्ड' म्हणजे चार बाय चार बाय आठ फूट, १२८ घनफूट. पण इथे बहुतेक जण 'फेस कॉर्ड' विकतात. समोरून तेवढाच दिसणारा ढीग, खोलीला एकाच ओंडक्याचा, म्हणजे साधारण एक तृतीयांश. मी पूर्ण कॉर्ड समजून पैसे मोजले. वर ते मेपल ओलं निघालं, उन्हाळ्यातच तोडलेलं. शेगडीत घातलं की टोकातून फेस यायचा आणि सुसू असा आवाज. ओल्या लाकडाने धुराडं आतून डांबरासारखं माखतं आणि एक दिवस पेट घेतं, हे विमावाल्याने चिमणीच्या तपासणीचा कागद मागितला तेव्हा कळलं. चुलीपुढे वाढलेल्या माणसाला ओलं लाकूड ओळखता आलं नाही, हे आईला अजून सांगितलेलं नाही. आता आमचं लाकूड दीड वर्ष आधी येतं.

प्रोपेनची टाकी अंगणात असते, पाणबुडीच्या पिल्लासारखी. ती कंपनीच्या मालकीची असेल तर फक्त तीच कंपनी भरू शकते. आमची तशीच होती, भाव त्यांचा. पण जानेवारीतला घोळ पूर्णपणे माझा. वाट साफ होती, टाकीपर्यंतची पन्नास पावलं नव्हती. गॅसवाला आला, कमरेएवढा बर्फ बघून दारावर चिठ्ठी अडकवून गेला. काटा बारा टक्क्यांवर. पुढची फेरी आठवड्याने. ते आठवडाभर फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, ५८ फॅरनहाइटवर ठेवून आम्ही तिघं शेगडीपुढे सतरंजीवर झोपलो. मुलीला ती सहल वाटली. त्याच आठवड्यात मी यूपर स्कूप चालवायला शिकलो. हे म्हणजे भलंमोठं पत्र्याचं घमेलं, त्याला उभा चौकोनी दांडा. उचलायचं नाही. ढकलत न्यायचं, ढिगावर चढवायचं, मागे ओढलं की रिकामं. मी फावड्याने बर्फ उचलत होतो ते बघून आजोबांनी आपलं स्कूप न बोलता आमच्या दाराशी टेकवून ठेवलं. पायवाटेवरचा भुसभुशीत बर्फ दाबून टणक करायला इथे 'पँक' असा खास शब्द आहे. आमच्याकडे पाऊस गेल्यावर खळं चोपतात ना, तेच. "आधी पँक कर, मग चाल," हे त्यांचं मला मिळालेलं सर्वांत लांब वाक्य.

आणि आता छप्पर. याच्यावर मी तासन्‌तास बोलू शकतो, बायको उठून जाते.

पहिल्या डिसेंबरात वळचणीला सुळके लोंबायला लागले. आधी वीतभर, मग हातभर, मग माणसाएवढे. सकाळच्या उन्हात झुंबरासारखे चमकायचे. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, काकांनी 'स्वर्ग!' असं लिहिलं. आजोबा बघायला आले. वर पाहिलं आणि म्हणाले, "घर गळतंय." मी म्हटलं, छे, एक थेंब नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पाणी नाही, ऊब गळतेय.

झालं होतं असं. पोटमाळ्यातल्या भेगांतून घरातली ऊब वर जात होती. छपरावरच्या बर्फाचा खालचा पापुद्रा त्याने वितळत होता. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत यायचं, पण वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब कुठली? तिथे ते गोठायचं. थरावर थर चढून काठाला चांगला फूटभर उंचीचा बर्फाचा बांध तयार झाला. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून तुंबलं. छपराच्या फळ्या वरून वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, खालून चढणाऱ्या नव्हे. जानेवारीत एका रात्री मुलगी उठून आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीत पाऊस पडतोय."

बादली आणली. टप, टप, टप. बाहेर उणे पंधरा सेल्सिअस आणि आत मी सावंतवाडीच्या घरातल्यासारखा थेंबांखाली भांडी सरकवतोय. बायको म्हणाली, "एवढे समुद्र ओलांडून आलो ते यासाठी." दोघंही हसत सुटलो, दुसरं करणार काय.

सकाळी आजोबांनी उपाय सांगितला. जुन्या लांब पायमोज्यांत कॅल्शियम क्लोराईडचे खडे भरायचे, तोंड बांधायचं आणि तो मोजा बांधावर आडवा नव्हे, उताराच्या दिशेने उभा ठेवायचा. तो हळूहळू बर्फात उतरतो आणि पाण्याला वाट करून देतो. आमच्या छपरावर असे सहा मोजे लटकत होते, त्यांतला एक गुलाबी. ही तात्पुरती मलमपट्टी. मग लांब दांड्याचा छपराचा दंताळा आणला. जमिनीवर उभं राहून वळचणीकडचा चार-पाच फूट बर्फ ओढून काढायचा, दर बर्फानंतर. शिडी लावून वर चढायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पोटमाळ्यातली प्रत्येक भेग बुजवली, ऊब अडवायला कागदी लगद्याचा जाड थर फुंकून घेतला. तेव्हापासून आमच्या घराला सुळके जेमतेम बोटभर. काकांना आता फोटो येत नाहीत.

म्हणून घर बघताना मी स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्याआधी पोटमाळ्यात डोकं घालायला सांगतो. छपराचा उतार बघा. पत्र्याचं असेल तर उत्तम, बर्फ आपोआप घसरतो. पण तो नेमका कुठे घसरतो तेही बघा, कारण तो एकदम येतो, टनाने येतो. मुख्य दार त्याच्याखाली असेल तर घर बांधणाऱ्याने एकही हिवाळा इथे काढलेला नाही असं समजा.

एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे. नव्या फर्नेसचा धूर बहुधा चिमणीतून न जाता भिंतीतल्या पांढऱ्या नळ्यांतून बाहेर पडतो, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. एका वादळात त्या नळ्या गाडल्या जातात. फर्नेस बंद पडला तर नशीब, नाहीतर विषारी वायू घरात. रात्री बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी त्या नळ्यांभोवती फिरून यायचं, मग कितीही कंटाळा येवो. कार्बन मोनॉक्साईडचा भोंगा प्रत्येक मजल्यावर. वीज गेल्यावर लावायचा जनरेटर गॅरेजमध्ये कधीच नाही, दार उघडं ठेवूनही नाही.

पाण्याच्या नळाबाबत माझी समजूत उलटी होती. मला वाटायचं, बर्फाखाली जमीन जास्त गोठत असेल. खरं तर बर्फ ही गोधडी आहे. जिथे आपण तो खरवडून काढतो, वर गाडी चालवतो, तिथेच गारठा खोल उतरतो. विहिरीची नळी वाटेखालून जात असेल तर ती गोठण्याची भीती जास्त. म्हणून कोणती नळी कुठून जाते याचा कागदावर नकाशा हवा. सेप्टिकवरचा बर्फ तर हलवायचाच नाही, त्यावर मुलांना घसरगुंडीही करू द्यायची नाही. आमच्याकडे ती सगळ्यात छान जागा होती, त्यामुळे घरात दोन दिवस रडारड.

गाडीचं फारसं सांगत नाही, सगळे तेच सांगतात. हिवाळी टायर घ्या, चारही. चार चाकांना ताकद असलेली गाडी निघते छान, थांबताना मात्र बाकीच्यांसारखीच घसरते. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, डिकीत फावडं, वाळू आणि जाड पांघरूण. वारा सुटला की हमरस्त्यावर समोरचं काहीच दिसत नाही, अशा वेळी बाहेर न पडणं हीच हुशारी. स्वतःच्या वाटेवरचा बर्फ सार्वजनिक रस्त्यावर ढकलणं बेकायदा आहे. उलट रस्त्यावरचा बर्फ काउंटीचा ट्रक तुमच्या वाटेच्या तोंडाशी भिंत करून ठेवतो, ते कायदेशीर. त्याच ट्रकच्या फवाऱ्याने आमची टपालपेटी दोनदा उडवली. आता ती बाकीच्यांसारखी झुलत्या दांड्यावर टांगली आहे, धक्का बसला की फिरते.

आजारपणाचा विचार आधीच करून ठेवावा. आपल्याला कोणते डॉक्टर नेहमी लागतात, त्यांतले इथे कोण आहेत आणि कोणासाठी शंभर मैल जावं लागेल. गावाजवळच्या विमानतळावरून शिकागोला विमान जातं, पण ते वेळेवर जाईलच असं नाही. भारतात जायचं असेल तर आम्ही एक दिवस आधी शिकागोला मुक्कामाला जातो. वडील गेले तेव्हा फेब्रुवारी होता. दोन दिवस विमान उडालं नाही. तिसऱ्या दिवशी गाडीने निघालो. हे लांब राहण्यातलं आहे, बर्फ निमित्त. पण लिहायला हवं.

किराणा म्हणाल तर तूरडाळ, पोहे, कोकम आम्ही वर्षातून दोनदा शिकागोहून भरून आणतो, खरीखुरी बेगमी. इडलीचं पीठ शेगडीजवळ तिपाईवर रात्रभर मस्त फुगतं. हवा इतकी कोरडी असते की घरात वाळत घातलेले कपडे दोन तासांत कडक, आणि टाचांना भेगा. मडरूम नावाची एक खोली दाराशी असते, तिथे बूट, कोट, ओले मोजे टांगायचे. मला ती पडवीच वाटते. पडवी नसलेलं घर इथे घेऊ नये.

थंडीपेक्षा बायकोला अंधार जड गेला. आम्ही पूर्वेच्या वेळेच्या पट्ट्यात, पण पार पश्चिम टोकाला. डिसेंबरात साडेआठ उलटून गेल्यावर सूर्य येतो, संध्याकाळी पाचला गुल, आणि मधले तासही बहुतेक राखाडी. पहिल्या जानेवारीत ती गप्प गप्प राहायला लागली. एका शनिवारी हॅनकॉकमध्ये बेकरीत शिरलो आणि ती दारातच थबकली. आत वेलदोड्याचा वास. फिनिश लोकांचा नीसू नावाचा गोडसर वेणीचा पाव असतो, त्यात वेलची भरपूर. तिने तिथेच उभ्या उभ्या अर्धी वेणी खाल्ली, डोळे भरून आलेले. शेजारी पास्टी ठेवलेल्या. खाणीत उतरणाऱ्या कॉर्निश मजुरांनी आणलेला पदार्थ. बटाटा, रुटाबागा नावाचा कंद, मांस भरलेली भलीमोठी करंजीच, मुरड सुद्धा तशीच. आम्ही बिनमांसाची घेतो आणि घरी नेऊन लसणीच्या चटणीशी खातो.

आजोबांनी साउनाला बोलावलं ते दुसऱ्या वर्षी. उच्चार 'साउना', सॉना म्हटलं की इथले लोक तोंड वाकडं करतात. मी अर्धी चड्डी घालून गेलो, त्यावर कोणी काही बोललं नाही. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली, आणि तासाभरात मला आमच्या रस्त्यावरच्या चारही घरांच्या छपरांचा, विहिरींचा आणि भांडणांचा इतिहास कळला. वर्षभर मी समजत होतो की हा माणूस बोलतच नाही.

आणि वसंत म्हणजे सुटका, असंही समजू नका. मार्च ते मे ग्रामीण रस्ते आतून मऊ पडतात, म्हणून जड ट्रकना वजनाची बंदी असते. आम्ही एप्रिलमध्ये खडी मागवली, ती मे उलटल्यावर आली. सामानाचा मोठा ट्रक घेऊन राहायला येणाऱ्यांनी हे आधी विचारावं. मग चिखल, मग काळ्या माश्या, त्या चावतात. मग एकदम तो जुलै, ज्याने आम्हाला फसवलं होतं. तो दरवर्षी फसवतो.

आई परवा फोनवर म्हणाली, "थंय बर्फात रवतलंस कसो?" दर ऑक्टोबरात विचारते. मी तिला यादी वाचून दाखवली: लाकूड आलं, चिमणी झाडून झाली, खुंट्या ठोकायच्या राहिल्यात. ती म्हणाली, मग वाटाणे भरलेस की नाही? ते विसरलो होतो.

टेक्सासच्या त्या माणसाने घराचे फोटो पाठवले. सगळे जूनमधले, दारात हायड्रेंजिया, मागे तळ्याची निळी रेघ. छान आहेत. मी लिहिलं, घरमालकाकडून जानेवारीतला एक फोटो मागव, रस्त्यावरून काढलेला. तो काल आला. घर सापडलं, डावीकडे धुराडं दिसतंय. रस्ता मी अजून शोधतोय.